ब्लाउजचे व्हिडिओ आणि स्वस्तातला डिमर : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, सातारा

आमच्या वहिनी गेली वीसेक वर्षं ब्लाउज शिवतात. दिवाळीची गर्दी ओसरली आणि त्यांनी मनावर घेतलं, कटिंगचे व्हिडिओ करायचेच. कॅमेरा म्हणजे पुतण्याचा मोबाईल, स्टुडिओ म्हणजे माजघर, दहा बाय अकरा. दिव्यांची जबाबदारी माझ्यावर आली. ओळखीच्या मंडपवाल्याकडे पाचशे वॅटचे दोन हॅलोजन पडून होते, ते त्यानं चारशे रुपयांत जोडीनं दिले. मी खुशीत.

पहिल्याच दिवशी घाम फुटला. पंखा लावला तर कापड उडतं आणि घरघर आवाजात येते, म्हणून पंखा बंद आणि वर हजार वॅटचा जाळ. पाव तासानं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे दिवे आहेत की भट्टी?"

पण खरी अडचण वेगळीच निघाली. पांढऱ्या अस्तरावर खडूची निळी रेघ दिसेचना, नुसता चुना फासल्यासारखा पांढरा तुकडा. दिवा मागे ओढला तेव्हा रेघ दिसली. मग त्याच जागेवर काळा खण अंथरला तर त्याची वीण गेली अंधारात. मोबाईलला ॲपर्चरचं, म्हणजे भिंगाचं तोंड लहान-मोठं करायचं, चाक नसतं. शटर, म्हणजे दर चित्राला उजेड किती वेळ घ्यायचा ते, एका जागी बांधलं की हातात उरतो तो आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, आणि तो अगदी तळाला नेला तरी अस्तर जळतच होतं. दर कापडागणिक स्टँड मागेपुढे करायला माजघरात जागा नाही. दिवा जागच्या जागी ठेवून उजेड कमीजास्त करायला हवा, म्हणजे डिमर हवा.

बजेट ठरवलं पाचशे रुपये. हिशेब शेवटी दिला आहे. मी पोटापाण्यासाठी हिशेबच लिहितो, तेव्हा एकही रुपया लपवलेला नाही.

११ नोव्हेंबर

पंख्याचा रेग्युलेटर म्हणजेच डिमर, अशी माझी समजूत. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच टप्प्यांचा नवा रेग्युलेटर आणला, २१० रुपये. हॅलोजन जोडला. पाचव्या टप्प्यावर पूर्ण उजेड, चौथ्यावर नळीतली तार जेमतेम लालसर. मधलं काहीच नाही.

उघडून बघितला तर आत दोन-तीन कॅपॅसिटर. त्यातला एक ३.३ मायक्रोफॅरडचा. ५० हर्ट्‌झला त्याचा अडथळा होतो साधारण ९६५ ओहम. पेटलेला पाचशे वॅटचा हॅलोजन स्वतः १०५ ओहमच्या आसपास. म्हणजे दिव्याच्या वाट्याला काही उरतच नाही. हा रेग्युलेटर सत्तर-पंचाहत्तर वॅटच्या पंख्यासाठी आहे, त्याचा दोष नाही. २१० रुपये गेले.

संध्याकाळी माळ्यावरून जुना गोल फिरवायचा रेग्युलेटर काढला, ट्रायॅकवाला (ट्रायॅक म्हणजे विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). साठच्या बल्बवर झकास चालला, शून्यापासून वरपर्यंत अगदी लोण्यासारखा. मला वाटलं जिंकलो. हॅलोजन लावला, सात-आठ मिनिटांत जळका वास, आणि मग बटण कुठेही फिरवा, दिवा पूर्ण उजेडातच. ट्रायॅक मरतो तेव्हा बहुतेक वेळा असाच, शॉर्ट होऊन मरतो. दिवा विझत नाही, उलट विझायलाच तयार होत नाही. आतला नग बीटी १३६, म्हणजे ४ ॲम्पियरचा, आणि त्याला हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पत्र्याच्या, नावाखाली नखाएवढा तुकडा. दिव्याला चालू स्थितीत २.२ ॲम्पियर लागतात, पण थंड तार पेटताना पहिला झटका त्याच्या कितीतरी पट असतो.

ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. डिमरच्या आधी वेगळं बटण ठेवा, डिमरच्या भरवशावर दिवा बंद झाला असं समजू नका. आणि बीटी १३६ चा मागचा पत्रा आतून त्याच्या एका पायाशीच, म्हणजे चालू विजेशी जोडलेला असतो, त्याच्या हीटसिंकला हात लावणं म्हणजे तारेलाच हात लावणं.

१६ नोव्हेंबर

तयार मॉड्यूल मागवलं, २९० रुपये. पत्र्याच्या डबीत, वर छापलेलं '४००० वॅट'. आत बघितलं, बीटीए १६. सोळा ॲम्पियर गुणिले २३० म्हणजे ३६८० वॅट, तेही परातीएवढा हीटसिंक दिला तर. छापणाऱ्यानं वरचे तीनशे वीस वॅट कुठून आणले तोच जाणे. मला मात्र एका डबीवर पाचशेच वॅट चालवायचे होते आणि तेवढ्याला ती पुरून उरते. अर्ध्या तासानंतर हीटसिंक कोमट, इतकंच. बीटीए मालिकेत पत्रा आतून वेगळा केलेला असतो, म्हणून डबीला अर्थिंग दिलं तरी चालतं. मी दिलं.

डिमर म्हणून उत्तम. मग तीन तक्रारी आल्या.

पहिली, दिवा गातो. निम्म्या उजेडाला नळीतली तार बारीक गुणगुणते. दुसरी, वहिनींच्या कॉलर माईकच्या वायरीत तीच गुणगुण दसपटीनं मोठी होऊन शिरते. तिसरी जास्त महागाची. उजेड कमी केला की दिवा पिवळा, मग केशरी होत जातो. तारच कमी तापते, तर उजेडाचा रंग बदलणारच. पूर्ण उजेडात जो खण पोपटी दिसत होता तो निम्म्यावर मेंदीचा झाला. वहिनींनी मोबाईलमध्ये बघितलं आणि एकच वाक्य बोलल्या, "असा रंग दाखवला तर बायका कापड घेऊन येतील आणि मला शिव्या देतील."

१७ नोव्हेंबर

रविवार गुणगुणीच्या मागे गेला. माईकची वायर दिव्याच्या वायरीपासून दोन हात लांब नेली, मोबाईल चार्जरवरून काढला, दिव्याचा प्लग दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर लावला, डिमरच्या तोंडाशी चोक, म्हणजे विजेतली खरखर अडवणारी तारेची गुंडाळी, बसवला (चोक आणि वायर, १२० रुपये). गुणगुण निम्मी झाली, गेली नाही. मोबाईलचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगाची सेटिंग) दर वेळी पांढऱ्या कागदावर बांधून घेतला तर रंगही बऱ्यापैकी जागेवर आला. पण डिमर जरा हलवला की पुन्हा कागद, पुन्हा बांधणी. एका व्हिडिओत तीन कापडं असतात. वहिनींचे हात कात्रीत अडकलेले, आणि मी कागद घेऊन मधे मधे.

हॅलोजन बाद. डिमर चांगला होता, दिवा चुकीचा होता.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि एलईडी बल्ब घेऊन बसलो.

घरातले साधे नऊ वॅटचे बल्ब त्याच डबीवर लावले. तीन वेगवेगळ्या प्रकारचे, तिघांचं वागणं वेगळं. एक निम्म्यापर्यंत आला तरी ढिम्म, मग एकदम गुल. दुसरा लुकलुकला. तिसरा गणपतीच्या मिरवणुकीत असल्यासारखा नाचायला लागला. साध्या एलईडी बल्बच्या आतलं सर्किट उजेड ठरलेलाच ठेवायचा प्रयत्न करतं आणि डिमर त्याचा पुरवठा कापत राहतो. दोघांची ओढाताण. असं जास्त वेळ चालवू नये, बल्बही जातो.

मग 'डिमेबल' छापलेले दोन आणले, ३२० ला एक. हे खरोखर मंद होतात. फक्त खालच्या पाव भागात फडफडतात, कारण दोघांचे मिळून अठरा वॅट म्हणजे ट्रायॅकला पकड ठेवायला भारच नाही. त्यावर देशी इलाज असा, की त्याच लाइनवर साठ वॅटचा तारेचा जुना बल्ब जोडायचा (२० रुपये). त्याचा उजेड नको म्हणून तो लांब वायरीवर न्हाणीघरात टांगला. चालला! दादा आंघोळीला गेला तर आत दिवा आपोआप मंद-तेज होतोय. त्यानं आतूनच आवाज दिला, "अरे, लाइट जातेय का?"

आता शटरचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा तेज-मंद होतात. डोळ्याला कळत नाही, मोबाईलला कळतं, कारण त्याचा सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो. मोबाईलनं आपल्या मनानं १/६० शटर धरलं की चित्रावर आडवे पट्टे येतात. ३० फ्रेमच्या व्हिडिओत ते पळतात. २५ ला जागेवर उभे राहतात आणि गोगलगायीसारखे सरकतात, कारण वीजही नेमकी पन्नासावर नसते. देशाच्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ ची मुभा आहे. १/५० किंवा १/१०० बांधलं की पट्टे जातात. डिमर खूप खाली नेल्यावर १/१०० ला माझ्याकडे पुन्हा थरथर दिसली, १/५० ला नाही. माझा अंदाज असा की स्वस्त डिमर विजेच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या लाटेला सारखं कापत नाही. १/५० मध्ये दोन्ही अर्धे येतात म्हणून हिशेब जुळतो.

ज्याला सोल्डरिंगच्या फंदात पडायचं नाही त्यानं इथेच थांबावं. डिमेबल बल्ब, बीटीए १६ ची डबी, भाराला एक तारेचा बल्ब, शटर १/५०. हजाराच्या आत काम होतं.

आम्ही थांबलो असतो. पण वहिनींना हवं होतं सुईचं स्लो मोशन. टीप कशी पडते, खालचा दोरा कसा वर येतो ते. स्लो मोशनला सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम लागतात, तिथे १/५० शटर शक्यच नाही. घेऊन बघितलं. सुई खाली जाताना अंधार, वर येताना उजेड, पाऊस पडतानाच्या विजेसारखं. शिवाय शेजारच्यांनी पाण्याची मोटर सुरू केली की मंद केलेला बल्ब दचकतो, तेही व्हिडिओत आलं.

तेव्हा दिव्याला मिळणारी वीजच सपाट, म्हणजे डीसी हवी.

२३ नोव्हेंबर

पुण्याला गेलो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत. मतमोजणीचा दिवस, दुकानदारांचं अर्धं लक्ष मोबाईलमधल्या आकड्यांवर. भाव करायला वाईट दिवस नव्हता.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी घेतली, मीटरला साठ एलईडीवाली, पाच मीटर ३८० रुपये. पट्टीच्या डिमरचे दोन प्रकार समोर ठेवले: फिरवायच्या बटणाचा ९० रुपयांचा, आणि रिमोटवाला २६० चा. मी हुशारी करून मोबाईल काढला, शटर १/१००० वर नेलं, पट्टी दुकानातच जोडायला लावली आणि पांढऱ्या बिलबुकावर उजेड पाडून बघितला. दुकानदार म्हणाला, "काका, मोबाईलनं काय बघताय? डोळ्यानं बघा, मस्त चालतोय." ९० वाल्याला पट्टे दिसले. रिमोटवाला एकदम स्वच्छ! स्वस्त म्हणून ९० वालाही उघडून बघायला घेतला, आणि रिमोटवाला भरवशाचा म्हणून.

२४ नोव्हेंबर

रिमोटवाला घरी लावला. निम्मा उजेड केला आणि मोबाईल धरला. झेब्रा.

दुकानात तो पूर्ण उजेडावर होता. हे डिमर पट्टीला भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. पूर्ण उजेडात बंद होणं नसतंच, मग पट्टे कुठून दिसणार? बिलबुकापुढे उभं राहून इतकी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. तपासणी नेहमी पाव आणि निम्म्या उजेडावर करा, पूर्ण उजेडावर सगळेच डिमर शहाणे.

माझ्या मल्टिमीटरवर हर्ट्‌झ मोजायची सोय आहे. रिमोटवाला २४० च्या आसपास, नव्वदवाला ११०० च्या. म्हणजे महाग नग स्वस्तापेक्षा वाईट. साध्या व्हिडिओला १/५० शटरवर दोन्ही खपून गेले असते. सुईला नाही.

३० नोव्हेंबर – १ डिसेंबर

दुसरा मार्ग: चालू-बंद न करता सरळ व्होल्टेजच कमी करायचं. दादाच्या मेलेल्या लॅपटॉपचा अडॅप्टर घरात होता, १९ व्होल्ट, ३.४२ ॲम्पियर, म्हणजे ६५ वॅट. एक्सएल ४०१५ चं व्होल्टेज कमी करायचं बोर्ड ११० रुपयांत मिळालं, एकाच पॉटवालं (पॉट म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टन्स) साधं. छापील ५ ॲम्पियर, मी अडीच-तीनच्या वर जाणार नव्हतो.

पट्टी एका बाजूनं वीज दिली तर दुसऱ्या टोकाला मंद पडते, आणि व्होल्टेज कमी केलं की हा फरक आणखी डोळ्यात भरतो. म्हणून अडीच मीटरचे पन्नास-पन्नास सेंटिमीटरचे पाच तुकडे कापले (दर तीन एलईडींनंतर कापायची खूण असते, तिथेच कापायचं), ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर (१५० रुपये) शेजारी शेजारी चिकटवले आणि प्रत्येकाला वेगळी वायर दिली. पुढे बटर पेपर. मीटरला साधारण १४ वॅट धरले तर एकूण ३५.

बोर्डावरचा बारीक पॉट पेचकसनं बावीस वेळा फिरवावा लागतो. तो काढून तिथे वायरी जोडून मोठा १० किलोओहमचा पॉट बाहेर आणला.

रविवारी संध्याकाळी स्लो मोशन घेतलं. उजेड काचेसारखा स्थिर. शटर कितीही वर न्या, पट्टा नाही, माईकमध्ये आवाज नाही. हॅलोजनच्या मानानं उजेड तिसऱ्या हिश्शाचाच असेल, पण हा दिवा तापत नाही, म्हणून टेबलापासून तीन फुटांवर आणता आला आणि ती तूट भरून निघाली. आठ व्होल्टच्या खाली पट्टी जवळजवळ विझलेली, बारापर्यंत पूर्ण. म्हणजे सगळा खेळ बटणाच्या एका छोट्या कोपऱ्यात. तेवढं चालेल म्हटलं.

५ डिसेंबर

चाललं नाही. स्टँड सरकवताना पॉटची एक वायर तुटली. पट्टी लखकन् पेटली, डोळे दिपले, अडॅप्टर बंद-चालू बंद-चालू करायला लागला. मी प्लगपर्यंत पोचेस्तोवर पाचातले दोन तुकडे तपकिरी. वहिनींच्या हातात कात्री होती. कापड वाकडं कापलं गेलं, गिऱ्हाइकाचं होतं. नवं आणून दिलं, त्याचे पैसे त्या सांगत नाहीत, म्हणून हिशेबात नाहीत.

कारण रात्री कागदावर मांडलं. हे बोर्ड आउटपुटचा एक हिस्सा परत वाचून त्याला १.२५ व्होल्टवर धरून ठेवतं. तो हिस्सा ठरतो दोन रेझिस्टन्सवर, आणि पॉट होता वरच्या बाजूला. वायर तुटली की बोर्डाला वाटतं आउटपुट शून्य आहे, मग ते जिवाच्या आकांतानं वर ढकलतं, थेट अडॅप्टरच्या १९ पर्यंत.

८ डिसेंबर

दुरुस्ती. सगळं उलटं केलं. वरच्या बाजूला कायमचा २.७ किलोओहम, बोर्डावरच पक्का सोल्डर केलेला. खाली आधी ३३० ओहम, आणि त्याच्या पुढे जमिनीच्या (ग्राउंडच्या, म्हणजे उणे) बाजूला पॉट. पॉट १ किलोओहमचा, त्याला समांतर २७० ओहम. गणित असं:

पॉट शून्यावर: १.२५ × (१ + २७००/३३०) = ११.५ व्होल्ट.
पॉट पूर्ण: खाली एकूण ५४३ ओहमच्या आसपास, म्हणजे ७.५ व्होल्ट.
पॉटची वायर तुटली तर: खाली ३३० अधिक २७०, म्हणजे ६.९ व्होल्ट. दिवा विझतो.

मुद्दाम वायर काढून बघितली, तीनदा. विझतो. पॉट आणि रेझिस्टन्स मिळून साठ रुपये. शिवाय आता बटणाचा पूर्ण फेरा वापरात येतो, आणि कमाल साडेअकराच असल्यामुळे पट्टी आणि बोर्ड दोन्ही थंड. ३० तारखेला अर्धा तास कागद-पेन्सिल घेतली असती तर आठवडा वाचला असता.

१४–१५ डिसेंबर

दुसऱ्या बाजूच्या दिव्यासाठी आणखी एक जुना अडॅप्टर नव्हता. १२ व्होल्ट ५ ॲम्पियरचा एसएमपीएस, म्हणजे डीसी देणारा तयार पॉवर सप्लाय घेतला, ४२० रुपये. बारातून साडेअकरा काढायला हे बोर्ड चालत नाही, त्याला वर मोकळी जागा लागते. म्हणून इथे चालू-बंदचाच मार्ग धरला, पण भरपूर वेगानं. पुतण्याच्या जुन्या कॉलेज प्रोजेक्टसारखा अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारं छोटं बोर्ड (२६० रुपये), आणि एक मॉसफेट, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच.

पहिली चूक: आयआरएफझेड ४४ घेतला, तीसचा एक, दोन घेतले. त्याला पूर्ण उघडायला दहा व्होल्ट लागतात, नॅनो देतो पाच. दोन मिनिटांत बोट टेकवेना. आयआरएलझेड ४४ आणला, ४५ रुपये. मधलं एक अक्षर बदलतं, तेवढंच बघायचं.

दुसरी चूक: तरीही गरम. गेटला, म्हणजे मॉसफेट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पायाला, मी सवयीनं १ किलोओहम लावला होता. इतक्या वेगात तो गेट भरायलाच वेळ खातो आणि मॉसफेट अर्धा उघडा, अर्धा मिटलेला राहून तापतो. १५० ओहम केला, थंड. गेट ते जमीन १० किलोओहमही लावा, नाहीतर नॅनो जागा होईपर्यंत दिवा भपकन् पेटतो.

तिसरी चूक माझ्या वयाची. नॅनोच्या टायमर १ मध्ये चालू-बंदचा वेग ठरवणाऱ्या आयसीआर १ या खान्यात ९९९ टाकलं, म्हणजे १६ किलोहर्ट्‌झ. मला शांत. पुतण्या दारातून आत आला आणि कानावर हात ठेवून म्हणाला, "काका, शिट्टी कसली वाजतेय?" मी म्हटलं कसलीच नाही. वहिनींनाही नाही. त्याला मात्र शेजारच्या खोलीतूनही ऐकू येत होती. मी ५२ चा, तो १९ चा. ९९९ चं ७९९ केलं, वीस किलोहर्ट्‌झ झाले, आणि त्याची तक्रार संपली. आमचे व्हिडिओ बघणाऱ्या मुलींनाही कान आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं.

१/१००० शटरला पाव उजेडावर पांढरा कागद: स्वच्छ.

२१ डिसेंबर

राहिला रंग. साधी पट्टी पांढरी दिसते, पण तिच्या उजेडात मोरपंखी पैठणीचा काठ मातकट येतो आणि वहिनींचे हात आजारी माणसासारखे. डिमर बदलून हे सुटत नाही. ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असलेली पट्टी मागवली, पाच मीटर ९०० रुपये. दोन्ही पत्र्यांवरची जुनी खरवडून काढली, नवी चिकटवली. दुपार गेली. आता काठ मोरपंखी आहे.

मंद केल्यावर व्होल्टेजवाला दिवा किंचित रंग बदलतो, वेगाच्या चालू-बंदवाला जवळजवळ नाही. शेजारी शेजारी ठेवले तरच कळतं.

२२ डिसेंबर

हिशेब, रुपयांत. हॅलोजन ४००, टप्प्यांचा रेग्युलेटर २१०, मॉड्यूल २९०, चोक-वायर १२०, डिमेबल बल्ब ६४०, तारेचा बल्ब २०, पहिली पट्टी ३८०, दोन पट्टी-डिमर ३५०, बोर्ड ११०, पॉट-रेझिस्टन्स ६०, पत्रा १५०, एसएमपीएस ४२०, नॅनो २६०, मॉसफेट १०५, चांगली पट्टी ९००, बटर पेपर ४०, पुण्याची एसटी आणि चहा ४२०. एकूण ४८७५. त्यातलं आज स्टँडवर आहे ते १९८५ चं. बाकीचे २८९० माझ्या शिकवणीची फी. पाचशेचं बजेट होतं.

डिमेबल बल्ब स्वयंपाकघरात गेले. बीटीए १६ ची डबी ठेवली आहे. हॅलोजन मंडपवाल्याला परत देऊ केले, तो चारशेला घेईना, म्हणाला शंभर देतो.

आज सकाळी शूटिंगला मला बोलावलंच नाही. जाऊन बघतो तर वहिनींनी डिमरच्या डबीवर शिंप्याच्या खडूनं तीन रेघा मारल्यात: अ, र, का. अस्तर, रंगीत, काळं. कापड बदललं की डाव्या हातानं बटण त्या रेघेवर, उजव्या हातात कात्री. खडू दुपारपर्यंत पुसला जातो, मग त्या परत मारतात. मी म्हटलं पेंट आणून देतो. म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, थंडीत रेघ थोडी सरकते." थंडीनं सरकत नाही. बटण दांड्यावर सैल आहे, ते मला घट्ट करायचं आहे.